प्रश्न काचेचा नाही, खाचेचा

खिडकीची काच थंडी अडवते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चार मिलिमीटर जाडीची काच उष्णतेला जवळजवळ अडवतच नाही. जो काही अडसर होतो तो काचेच्या दोन्ही अंगांना बिलगून राहिलेल्या हवेच्या पातळ थरांचा. अभियंत्यांच्या ठोकताळ्यानुसार खोलीतल्या बाजूच्या थराचा विरोध ०.१३, बाहेरच्या, वाऱ्याने झोडपलेल्या थराचा ०.०४ आणि खुद्द काचेचा फक्त ०.००४. बेरीज झाली ०.१७४. एकाला या आकड्याने भागलं की ५.७ येतात. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर काचेच्या दर चौरस मीटरमधून ५.७ वॅट उष्णता बाहेर जाते. या आकड्याला यू-मूल्य म्हणतात. तो जितका लहान, तितकी खिडकी उबदार. काच दुप्पट जाड केली तर ५.७ चे ५.६ होतात, बस.

बाहेर शून्य अंश आणि खोलीत २० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग जेमतेम ५ अंशांवर असतो. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर साधारण ९ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. म्हणून ब्रिटनमधल्या जुन्या घरांत थंडीच्या सकाळी तावदानांवरून पाणी ओघळताना दिसतं. ते पाणी खालच्या आडव्या पट्टीत मुरतं आणि लाकूड कुजतं ते नेमकं तिथूनच.

यावरचा उपाय तसा जुना आहे. न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसनने दोन काचांमध्ये हवा कोंडून त्यांच्या कडा बंद करायच्या कल्पनेचं पेटंट १८६५ मध्ये घेतलं. स्थिर हवा हा उत्तम रोधक आहे. दोन काचांमध्ये तिला अडकवलं की आतला आणि बाहेरचा असे जे दोन थर फुकटात मिळतात, त्यांत तिसऱ्याची भर पडते. पण हवा स्थिर राहिली पाहिजे. फट फार अरुंद असेल तर उष्णता सरळ पलीकडे जाते. फार रुंद असेल तर हवा आतल्या आत फिरायला लागते: गरम काचेपाशी वर, थंड काचेपाशी खाली. हवा किंवा आर्गॉन भरला तर १६ मिलिमीटरच्या आसपासची फट सगळ्यात फायद्याची ठरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्याच्यापायी आहे.

नुसत्या दोन काचा आणि मध्ये हवा, एवढ्याने यू-मूल्य २.८ पर्यंत उतरतं. तिथून पुढे उतरत नाही, कारण फटीतून जाणाऱ्या उष्णतेपैकी निम्म्याहून जास्त उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने एका काचेकडून दुसरीकडे जाते आणि हवेला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. १९८० च्या दशकात चांदीचा अतिसूक्ष्म लेप दिलेली काच बाजारात रुळली. डोळ्यांना ती साधीच दिसते. पण साधी काच जिथे ८५ टक्क्यांच्या आसपास ताकदीने उष्णता उत्सर्जित करते, तिथे हा लेप पाच टक्क्यांच्याही खाली राहतो. सोबत हवेऐवजी आर्गॉन भरला, जो हवेपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी उष्णता वाहून नेतो, की यू-मूल्य १.२ पर्यंत येतं. पुन्हा तीच शून्य अंशांची रात्र घ्या: आतला पृष्ठभाग आता १७ अंशांवर असतो. दव नाही, आणि खिडकीजवळ बसलं की अंगावर येणारा गारवाही नाही.

दोन काचा, १६ मिलिमीटरची फट, एकूण जाडी २४ मिलिमीटर. नवीन खिडकी करायची असेल तर काहीच अडचण नाही. अडचण जुन्या खिडकीत आहे, आणि ब्रिटनमध्ये जुन्या खिडक्या अमाप आहेत.

एडिंबरा शहराची न्यू टाऊन ही वसाहत जेम्स क्रेगने १७६७ मध्ये आखली. तिथल्या दगडी इमारतींपासून लंडनमधल्या विटांच्या व्हिक्टोरियन घरांपर्यंत सगळीकडे एकच खिडकी दिसते: वरखाली सरकणाऱ्या दोन झडपांची, सॅश खिडकी. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर ज्या १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते आणि जे महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, तेही याच प्रकारच्या व्हिक्टोरियन घरांपैकी. या खिडकीला बिजागरी नसते. दोन्ही बाजूंच्या उभ्या चौकटी आतून पोकळ असतात. झडपेला बांधलेली दोरी वरच्या कप्पीवरून जाऊन त्या पोकळीत उतरते आणि तिच्या टोकाला ओतीव लोखंडाचं वजन लोंबतं. झडप आणि वजनं यांचा तोल साधलेला असतो, त्यामुळे मोठी झडपसुद्धा दोन बोटांनी उचलते. जाणते सुतार वरच्या झडपेची वजनं तिच्यापेक्षा किंचित जड ठेवतात आणि खालच्या झडपेची किंचित हलकी, म्हणजे एक वर दाबून बसते आणि दुसरी खाली.

या झडपांच्या पट्ट्या बारीक आहेत, आणि त्यामागे कराचाही हात आहे. १७४० च्या दशकापासून १८४५ पर्यंत ब्रिटनमध्ये काचेवर वजनानुसार अबकारी होती. साहजिकच कारागीर काच होता होईल तेवढी पातळ करत. फुगवून, गरगर फिरवून केलेल्या काचेच्या चकतीतून छोटी छोटी तावदानं कापली जात आणि एका झडपेत सहा-सहा बसवली जात. त्यांना धरून ठेवायला बोटाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या पुरत. कर उठला, मोठ्या काचा स्वस्त झाल्या, तशी सहाची दोन आणि पुढे एकच अशी तावदानं झाली. काच जड झाल्याने सांधे निखळायला लागले, म्हणून सुतारांनी झडपेच्या उभ्या पट्ट्या सांध्याच्या पुढे जराशा वाढवून ठेवायला सुरुवात केली. व्हिक्टोरियन खिडकीच्या मध्यावर दोन्ही कडांना दिसणारी ती नक्षीदार शिंगं शोभेची वाटतात. मुळात ती जास्तीच्या वजनाची सोय आहे.

तेव्हा जड काचेशी जुळवून घेण्याची या खिडकीची ही पहिली वेळ नाही. आणि तिचं लाकूडही जुळवून घेण्याजोगं आहे. रिगा, मेमेल, डँझिग या बाल्टिक बंदरांतून आलेलं ते पाइन थंड प्रदेशात सावकाश वाढलेलं, दाट वलयांचं, राळेने भरलेलं. आजच्या लागवडीतल्या झटपट वाढवलेल्या पाइनला त्याची सर नाही. १९८०-९० च्या दशकांत असंख्य घरमालकांनी अशा खिडक्या उपटून प्लॅस्टिकच्या बसवल्या. दीडशे वर्षं टिकलेलं लाकूड कचऱ्यात गेलं आणि त्या जागी जे आलं त्याचं आयुष्य फार तर तीसेक वर्षांचं. काटकसरीच्या नावाखाली केलेली ही उधळपट्टी होती, असं माझं मत आहे.

आता मूळ अडचणीकडे. जुन्या झडपेत काच बसते ती बाहेरच्या बाजूने कोरलेल्या खाचेत. ही खाच साधारण १० मिलिमीटर खोल असते, कधी त्याहून कमी. तिच्यात तीन मिलिमीटरची काच ठेवायची, बारीक चुका ठोकायच्या आणि वरून उतरती लांबी भरायची. ही लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल यांचं मळलेलं मिश्रण. एवढ्याशा खाचेत २४ मिलिमीटरची दुहेरी काच जाणार कशी?

एक मार्ग खाच खोल करण्याचा. झडप उतरवून राउटरने खाच वाढवायची आणि बाहेरून लांबीऐवजी लाकडी पट्टी मारायची. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या जाड बांध्याच्या लाकडी खिडक्यांत हे काम सर्रास चालतं. ब्रिटिश सॅशची एकूण जाडीच ४५ मिलिमीटरच्या आसपास, आणि तावदानांमधल्या पट्ट्या तर इतक्या नाजूक की आणखी कोरलं तर हातात काही उरत नाही.

म्हणून दुसरा मार्ग निघाला: काचच बारीक करायची. पातळ दुहेरी काचेत तीन-चार मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये अवघी चार-पाच मिलिमीटरची फट असते. एवढ्या अरुंद फटीत आर्गॉनचा फारसा उपयोग नाही, म्हणून क्रिप्टॉन भरतात. त्याची उष्णता वाहण्याची क्षमता आर्गॉनच्याही जवळपास निम्मी. एकूण जाडी ११-१२ मिलिमीटर आणि यू-मूल्य दोनच्या आसपास. १.२ च्या तुलनेत हे कमी वाटेल, पण ५.७ वरून दोनवर येणं म्हणजे काचेतून जाणारी जवळपास दोन तृतीयांश उष्णता वाचली. दहा चौरस मीटर काच असलेल्या घराचा हिशेब मांडू. बाहेर पाच अंश, आत वीस. एकेरी काचेतून सतत ८५५ वॅट जात होते, आता ३०० जातील.

कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षात बिघडतो तो तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण कडांचं. दोन काचांच्या मध्ये चारी बाजूंनी एक पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे दाणे आणि बाहेरून सीलबंद लेप. नेहमीच्या दुहेरी काचेत ही सीलची कड सेंटिमीटरभर किंवा जास्त रुंद असते. पातळ पट्टीमागे लपवायची म्हणून इथे ती निम्म्यावर आणतात. कड अरुंद म्हणजे वायू बाहेर आणि ओल आत यायला रस्ता जवळचा. एकदा ओल शिरली की दोन काचांच्या मधोमध धुकं धरतं, जे कुठल्याही फडक्याने पुसता येत नाही. मग काच बदलणं हाच उपाय. शिवाय उष्णता कडेतून जास्त निसटते. एकच मोठं तावदान असेल तर ठीक. पण जॉर्जियन खिडकीच्या बारा छोट्या तावदानांना कडाच कडा. तिथे मधल्या भागाचं यू-मूल्य सांगून विकणारा विक्रेता अर्धंच सत्य सांगत असतो.

दुसरं ठिकाण लांबीचं. जवसाचं तेल लाकडाला मानवतं, पण दुहेरी काचेच्या सीलला नाही. तेल त्यातल्या रबरासारख्या पदार्थांत झिरपतं, त्यांना मऊ करतं आणि काही वर्षांत सील सुटतं. जुन्या पद्धतीचा मुरलेला कारागीर सवयीने लांबी भरून मोकळा होतो आणि चांगली महाग काच फुकट जाते. इथे सीलशी जमणारी वेगळी लांबीच वापरावी लागते. दुहेरी काचेचा दुसरा वैरी म्हणजे खाचेत साचलेलं पाणी. कड सतत ओली राहिली तर कुठलंच सील टिकत नाही, म्हणून पाण्याचा थेंब आत शिरू नये किंवा शिरलाच तर बाहेर पडावा, यातलं काहीतरी एक नीट साधलं पाहिजे.

तिसरं ठिकाण वजनाचं. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. पाऊण चौरस मीटरच्या झडपेत तीन मिलिमीटरची काच भरते साडेपाच किलो. चार-चारच्या दोन काचा भरतात पंधरा. म्हणजे साडेनऊ किलोंची भर. पोकळीतली जुनी वजनं हा भार तोलू शकत नाहीत आणि झडप वर उचलली की धाडकन खाली येते. पोकळीत जास्त लांब वजनांना जागा नसते, म्हणून लोखंडाऐवजी शिशाची वजनं घालतात. शिसं त्याच आकारात दीडपटीहून जड. दोऱ्याही नव्या आणि सांधेही तपासून घट्ट करायचे. काच बदलण्याच्या कामात काच बसवणाऱ्यापेक्षा सुताराचे तास जास्त लागतात ते यामुळे.

यातल्या काही अडचणींना बगल देणारी एक काच आहे. दोन काचांमधली हवा वाढवण्याऐवजी काढूनच टाकायची, थर्मासच्या बाटलीसारखी. या कल्पनेचं पेटंट जर्मनीत १९१३ मध्येच घेतलं गेलं होतं, पण सपाट काचेत ती उतरायला पाऊण शतक गेलं. कारण हवेचा दाब: मध्ये पोकळी केली की दर चौरस मीटरवर बाहेरून दहा टनांचा भार येतो आणि दोन्ही काचा एकमेकींवर आपटतात. सिडनी विद्यापीठात रिचर्ड कॉलिन्स यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या शेवटी ते जमवलं. दर दोनेक सेंटिमीटरवर अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा एक सूक्ष्म खांब ठेवायचा आणि कडा वितळलेल्या काचेने जोडायच्या. जपानच्या निप्पॉन शीट ग्लास कंपनीने १९९७ मध्ये तिचं उत्पादन सुरू केलं. तीन मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये ०.२ मिलिमीटरची पोकळी, एकूण ६.२ मिलिमीटर. जुन्या खाचेत ती सहज मावते आणि पातळ दुहेरी काचेपेक्षा जास्त उष्णता अडवते. नीट पाहिलं तर खांबांचे ठिपके दिसतात, काचेच्या जोडलेल्या कडेतून उष्णता निसटते, किंमत जबर आहे, आणि मागवलेलं माप चुकलं तर जागेवर कापता येत नाही. तरीही पुढची दिशा हीच दिसते.

एडिंबराच्या लॉरिस्टन प्लेसवरच्या जुन्या, संरक्षित इमारतींत पातळ आणि निर्वात अशा वेगवेगळ्या काचा शेजारीशेजारी बसवून त्यांची मोजमापं घेण्याचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१० मध्ये आला, आणि त्यातही निर्वात काच सरस ठरली.

पण त्याआधी झालेली एक चाचणी मला जास्त महत्त्वाची वाटते. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंड या वारसा-संस्थेसाठी २००८ मध्ये एक जुनी सॅश खिडकी प्रयोगशाळेत बसवून तिच्यावर एकेक उपाय करून पाहिला. जाड पडद्याने उष्णतेची गळती १४ टक्क्यांनी कमी झाली. खिडकीच्या आतल्या बाजूला मुळातच असलेली लाकडी दारं नुसती लावून घेतली तर ५१ टक्क्यांनी. आतून दुसरी, सुटी काचेची झडप बसवली तर ६३ टक्क्यांनी. आणि ती झडप व लाकडी दारं दोन्ही मिळून ७५ टक्क्यांनी. ब्रिटनमधल्या कितीतरी घरांत ही लाकडी दारं खिडकीच्या बाजूच्या कोनाड्यात घडी घालून, रंगाच्या पुटांखाली चिकटून बसलेली आहेत. ती सोडवायला एक सुतार आणि एक दिवस पुरतो.

शिवाय गळती फक्त काचेतून होत नाही. सॅश सरकायची तर तिला चारी बाजूंनी ढील हवी, आणि दीडशे वर्षांत ती ढील वाढतेच. वाऱ्याच्या दिवशी पडदे हलतात ते त्यामुळे. झडपांच्या मधल्या आणि आतल्या पट्ट्यांत खाच पाडून बारीक ब्रशसारखी पट्टी बसवली की वारा बहुतांशी थांबतो, खडखड थांबते आणि खिडकी सरकतेही आधीपेक्षा सुरळीत. माझ्या दृष्टीने क्रम असा: आधी कुजलेलं लाकूड बदलणं, मग फटी बुजवणं, मग लाकडी दारं, मग आतली दुसरी झडप, आणि काचेला हात सगळ्यांत शेवटी. विक्रेते हा क्रम उलटा सांगतात, कारण ब्रशच्या पट्टीत नफा नाही.

आतल्या दुसऱ्या झडपेचा आणखी एक फायदा म्हणजे आवाज. दोन काचांमध्ये १०० मिलिमीटर किंवा जास्त अंतर पडलं की रस्त्याचा गोंगाट जेवढा दबतो तेवढा सीलबंद दुहेरी काचेने कधीच दबत नाही. फक्त एक पथ्य पाळायचं: आतली झडप घट्ट आणि बाहेरची जुनी खिडकी किंचित झिरपती ठेवायची. उलट केलं तर खोलीतली ओलसर हवा मधल्या जागेत शिरते आणि थंड बाहेरच्या काचेवर दव धरतं.

ज्या इमारती लिस्टेड, म्हणजे कायद्याने संरक्षित, आहेत त्यांच्या बाबतीत परवानगीशिवाय काचेला हात लावता येत नाही. हा निव्वळ सरकारी खाक्या नव्हे. जुन्या फुगवलेल्या काचेत हलक्याशा लाटा असतात, तिच्यात आकाशाचं प्रतिबिंब थोडं हलतं. दुहेरी काचेत प्रत्येक पृष्ठभागाचं वेगळं प्रतिबिंब पडतं आणि रस्त्यावरून पाहिलं तर सगळं दुहेरी दिसतं. खरी जुनी काच शाबूत असेल तर ती काढू नये, हे म्हणणं मला पटतं. पण विसाव्या शतकात कधीतरी फुटून बदललेल्या साध्या सपाट काचेसाठीही तोच हट्ट धरण्यात अर्थ नाही, आणि अलीकडे तिथल्या वारसा-संस्थाही तेवढा हट्ट धरत नाहीत.

दारांचं गणित वेगळं. दार आपटतं, धक्के खातं, म्हणून तिथे सील आणखी लवकर सुटतं. इंग्लंडच्या नियमांनुसार दारात जमिनीपासून दीड मीटरच्या आतली काच सुरक्षित प्रकारची, म्हणजे टफन्ड किंवा लॅमिनेटेड, असावी लागते. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, तेव्हा माप आधीच चोख हवं. व्हिक्टोरियन दारांत शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली रंगीत काच असेल, तर ती दोन साध्या काचांच्या मध्ये कायमची बंद करून देणारे लोक आहेत. उष्णता वाचते, पण हाताने जोडलेले ते रंगीत तुकडे प्रत्येकी वेगवेगळ्या कोनातून चमकायचे, ती चमक बाहेरच्या एकसंध सपाट काचेमागे मरते. अशा दाराला आतून एक सुटी काच लावणं जास्त शहाणपणाचं.

हे वाचून आपल्याकडच्या वाड्याच्या किंवा गिरगावातल्या चाळीच्या सागवानी खिडकीत दुहेरी काच बसवावी का, असं कुणाच्या मनात येईल. रहदारीच्या आवाजासाठी दुसरी झडप जरूर लावावी. उष्णतेसाठी मात्र हिशेब बदलतो. बाहेर ३५ आणि वातानुकूलित खोलीत २५, म्हणजे फरक फक्त दहा अंशांचा. आणि खोली तापते ती मुख्यतः काचेतून सरळ आत येणाऱ्या उन्हाने. दोन काचा ते ऊन थोडंच अडवतात. तिथे छज्जा, पडवी, बाहेरची झडप किंवा चिक यांचं काम मोठं.

थंड देशात मात्र खिडक्या सुधारल्यावर एक नवी चिंता उभी राहते. पूर्वी फटींतून येणारा वारा थंडी आणायचा, पण स्वयंपाकाची, आंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची ओलही बाहेर न्यायचा. तो वारा बंद झाला आणि काच उबदार झाली की घरातला सगळ्यात थंड पृष्ठभाग काच उरत नाही. तो मान एखाद्या बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्याला किंवा कपाटामागच्या जागेला जातो, आणि काळी बुरशी तिथे धरते. म्हणून इंग्लंडच्या बांधकाम नियमांत २०२२ पासून खिडक्या बदलताना घरातलं वायुवीजन आधीपेक्षा बिघडू नये अशी अट आहे, आणि नव्या चौकटींच्या वरच्या पट्टीत बारीक झरोके ठेवायला सांगतात. जुन्या सॅशला असे झरोके पाडण्याची गरज सहसा पडत नाही. वरची झडप दोन सेंटिमीटर खाली ओढली की काम होतं, आणि स्वयंपाकघरात व न्हाणीघरात एकेक एक्झॉस्ट पंखा लावला की उरलंसुरलं भागतं.